प्रोसेसरचा उन्हाळा

अमरावतीत होळीची राख विझते न विझते तोच रस्त्याच्या कडेला कूलरच्या ताट्यांचे ढीग लागतात. लाकडाच्या पिवळ्या किसाच्या, जाळीत दाबून बसवलेल्या. स्कुटीवर पायांशी, ऑटोच्या टपावर, सायकलच्या कॅरिअरला बांधून त्या घरोघर जातात आणि आठवड्याभरात सगळ्या गल्लीला ओल्या लाकडाचा वास येऊ लागतो. यंदाही आला. त्या वासाबरोबर दोन उन्हाळ्यांपूर्वीचा एक आकडा आठवला. सत्त्याण्णव.

सत्त्याण्णव अंश सेल्सिअस. हे शहराचं तापमान नव्हतं. अकोल्यात एका वकिलाच्या घरी, टेबलाखाली ठेवलेल्या कॉम्प्युटरच्या प्रोसेसरचं होतं.

आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत उन्हाळ्यातलं एक काम ठरलेलं असतं. संध्याकाळी कमाल तापमानाचा आकडा मागवायचा, कालच्या आकड्याशी ताडून पाहायचा आणि मथळा द्यायचा. अकोला तापलं. अकोला होरपळलं. अकोला भाजून निघालं. पुष्कळ वर्षं हे काम केल्यावर एक गोष्ट ध्यानात येते. या मथळ्यांत गाव नेहमी काही तरी सोसत असतं. करत कुणीच काही नसतं. सोबतचं छायाचित्रही ठरलेलं: तोंडाला दुपट्टा गुंडाळलेल्या मुली, रिकामा चौक, रसवंतीची घुंगरं. चाळीसच्या वरच्या दुपारी याच गावात कापसाच्या गाठी उचलल्या जातात, लोखंडाला वेल्डिंग होतं, परीक्षांचे पेपर सोडवले जातात, लग्नं लागतात. ते मथळ्यात मावत नाही.

त्या मेमध्ये आमच्या घरात जे चाललं होतं तेही मावलं नसतं.

अकोल्यात माझा थोरला भाऊ, दादा, राहतो. दिवाणी वकील आहे. बांधाच्या आणि वाटणीच्या भांडणांत त्याची हयात गेली. वहिनी शाळेत गणित शिकवते. त्यांची मुलगी जुई तेव्हा तेवीस वर्षांची होती. कृषी विद्यापीठातून पदवी घेऊन घरी आली होती आणि पुढे काय, या प्रश्नाला तिचं उत्तर दर आठवड्याला बदलत होतं. बदलत नव्हती ती एकच गोष्ट. ती कॉम्प्युटरवर मोटारींच्या शर्यती खेळायची आणि फार चांगली खेळायची. टेबलाला घट्ट आवळलेलं स्टिअरिंग, पायाशी तीन पेडल, समोर पडदा. गाडी हाताळायची मूळ सवय हिवरखेडची. तिथे तिच्या मामाचं शेत आहे आणि शाळेच्या प्रत्येक सुट्टीत ती काळ्या मातीच्या ढेकळांतून ट्रॅक्टर चालवत असे. "ढेकळात वळवता आलं त्याले डांबरावर काय भेव," असं ती म्हणायची.

त्या वर्षी देशभरच्या खेळाडूंच्या एका स्पर्धेच्या उपांत्य फेरीत ती पोचली. मे महिन्यातला रविवार, दुपारी तीन ते पाच. दोन तासांची एक सलग शर्यत, प्रत्येकानं आपापल्या जागेवरून खेळायची. पहिले सहा पुढे जाणार. नियम एकच आणि साफ: मध्ये संपर्क तुटला की बाद. कारण विचारलं जाणार नाही.

तिच्या नावाची खातरजमा करायला आयोजकांचा फोन आला तेव्हा मी योगायोगानं तिथेच होतो. पलीकडे पुण्यातला कुणी तरी शांत, सभ्य आवाजाचा माणूस होता. फोन स्पीकरवर होता.

"तुम्ही अकोल्याहून खेळणार? मेमध्ये? दुपारी?"

"हो."

"नाही, म्हणजे, तुमच्याकडे फार गरम असतं ना. मशिन्स टिकत नाहीत असा आमचा अनुभव आहे. दोन दिवस पुण्याला या की. नागपूरचे, जळगावचे सगळे येतात. एसी कॅफे आहे. फॉर्मवर ठिकाण पुणे टाकतो, चालेल?"

"अकोला टाका," जुई म्हणाली आणि फोन ठेवला.

दादानं फायलीतून मान वर केली. "काहून पण? जाय ना पुण्याले मावशीकडं. पंखा बी नाही लागत तिथं रात्री."

"बाबा, तुमच्या केशी पुण्याच्या कोर्टात चालवता का तुमी? तिथं गार असते म्हणून?"

"माह्या केशी आहेत इथल्या जमिनीच्या."

"मीबी इथलीच आहे."

दादानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. कोर्टात समोरच्याचा मुद्दा बिनतोड असला की तो हेच करतो.

त्यानंतर वीस दिवस उरले होते आणि कॉम्प्युटर वीस मिनिटंही टिकत नव्हता.

प्रोसेसर ही नखाएवढी वस्तू आहे. कॉम्प्युटरमधला सगळा विचार तिथे होतो आणि विचार केला की ती तापते. तिच्या डोक्यावर धातूच्या पातळ पात्यांचा एक ठोकळा बसवलेला असतो, हीटसिंक म्हणतात त्याला. ठोकळा उष्णता शोषतो, त्याला लावलेला पंखा ती उडवून देतो. शंभराच्या जवळ गेल्यावर प्रोसेसर जीव वाचवण्यासाठी आपला वेग आपणच उतरवतो. पडद्यावर गाडी वळणात अडखळते, एक झटका खाऊन पुढे उमटते, तोवर कठडा आलेला असतो. तेवढ्यानंही भागलं नाही तर तो सगळंच बंद करतो.

जुई एका जुन्या वहीत दोन रकाने लिहायची. खोली आणि प्रोसेसर. खोली एक्केचाळीस, प्रोसेसर सत्त्याण्णव. तिसरा रकाना वजाबाकीचा: छप्पन्न.

"काका, हा तिसराच आकडा आपला," तिनं समजावलं होतं. "पंखा हवेपेक्षा गार नाही करू शकत. त्याले जी हवा भेटते तिच्यावर हा आकडा चढते. पुण्यात खोली अठ्ठावीस. तिथं छप्पन्न चढले तरी चौऱ्याऐंशी. म्हणजे त्यांची मशीन हुशार नाही, त्यांची खोली गार आहे. माही मशीन त्यांच्यापेक्षा जास्त काम करून राहिली, समजलं का?"

तापमानाच्या इतक्या बातम्या लिहिल्या, पण कुठून सुरुवात करावी लागते यावरून माणसाचं काम मोजावं हे कधी सुचलं नव्हतं.

घरात एसी होता. पण दुपारी आमच्याकडे व्होल्टेज पडतं. एसी चालू केला की कॉम्प्रेसर कण्हायला लागायचा, दिवे मंद व्हायचे आणि थोड्या वेळानं सगळी लाइन ट्रिप व्हायची. जोडीला गेमिंगचा कॉम्प्युटर असला तर ते आणखी लवकर व्हायचं. म्हणून तो पांढरा डबा दिवसा भिंतीवर शोभेला असायचा.

राहिला कूलर. आणि इथे जी चूक झाली ती वऱ्हाडातच होऊ शकते.

आमच्याकडे तापलेली कुठलीही वस्तू कूलरसमोर ठेवायची रीत आहे. तान्ह्या बाळाचा पाळणा, इन्व्हर्टर, फ्रिजची मागची बाजू, शेवंतीचे हार, लग्नातला घामाघूम नवरदेव. कूलरपुढे सगळे सारखे. एका रविवारी मी अमरावतीहून गेलो तेव्हा जुई बाहेर होती. मदत म्हणून मी कूलर सरकवला, त्याचं तोंड कॉम्प्युटरच्या उघड्या कुशीकडे केलं, टाकी भरली आणि बटण दाबलं. थंडगार वारा थेट आत शिरताना पाहून समाधान वाटलं. त्या दिवशी आकडा खरोखर खाली आला. जुईनं वहीत लिहिलं, ब्याऐंशी. वहिनी म्हणाली, "पाय बरं भाऊजी, तुमाले जमलं, हिले इतके दिवस नाही जमलं." मी संध्याकाळच्या गाडीनं परतलो.

टाकी बोअरच्या पाण्यानं भरली होती. नळ तेव्हा चार-पाच दिवसांआड यायचा. प्यायचं पाणी कूलरमध्ये कुणी ओतत नाही. आणि दादाच्या घराचं बोअर खारं आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला तो सगळा पट्टा खारपाणाचा. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, नळाच्या तोटीला पांढरी मिशी फुटते. खारपाणपट्ट्यावर मी किती बातम्या लिहिल्या ते आठवत नाही. टाकी भरताना त्यातली एकही आठवली नाही.

दहा दिवसांनी जुईचा फोन आला. तिचा आवाज अगदी साधा होता. साध्या आवाजात ती बोलली की काही तरी बिघडलेलं असतं.

"काका, काही न चालवता अठ्ठ्याऐंशी दाखवून राहिलं. खेळायला घेतलं की बंद. तुमी या अन् पाहा."

गेलो. तिनं हीटसिंक काढून वर्तमानपत्रावर ठेवला होता. आमच्याच. काळसर पात्यांच्या मधल्या फटी पांढऱ्या झाल्या होत्या. धुळीत मीठ कालवून कुणी लिंपावं तशा. पंख्याच्या पात्यांवर, स्क्रूंच्या डोक्यांवर, सगळीकडे तोच पांढरा थर. कूलरनं बारीक तुषार फेकले, पाणी उडून गेलं, मीठ राहिलं. मिठावर धूळ बसली. फटी बुजल्या आणि पंख्याचा वारा आत जाईनासा झाला. जिभेला लावून पाहिलं. खारट.

दादा दारात उभा होता. कोर्टाला नुकतीच सुट्टी लागली होती आणि त्याला टोमणे मारायला दुसरं कुणी नव्हतं. "काय, पुढची तारीख भेटली का कॉम्प्युटरले?"

"बाबा, तुमी जा."

"मी तं म्हनतच होतो पुण्याले जाय म्हनून. आपल्याकडं हे नाही होत बाई. आपल्याकडचं ऊन हे असं, पानी हे असं."

हे वाक्य मी जन्मभर ऐकलं आहे. आपल्याकडं हे नाही होत. ते रागानं म्हणत नाहीत, दुःखानंही नाही. दुपारी पंख्याखाली आडवं होताना म्हणतात, डोळे मिटताना. त्यात एक आराम असतो. एकदा ते म्हटलं की मग काही करावं लागत नाही. माझ्या सगळ्या मथळ्यांच्या तळाशीही तेच वाक्य होतं, असं त्या दारात उभं असताना पहिल्यांदा वाटलं. ते मी दादाला सांगितलं नाही. सांगण्यासारखी जागाही माझी नव्हती. कूलर मी फिरवला होता.

जुईनं हीटसिंक पिशवीत घातला आणि आम्ही बायपासवर सलीमभाईकडे गेलो. सलीमभाई ट्रकांचे रेडिएटर दुरुस्त करतो. दादाच्या जुन्या गाडीचाही तोच पाहतो. पत्र्याच्या शेडखाली, भट्टीच्या शेजारी, बनियनवर बसलेला. त्यानं ठोकळा हातात फिरवला, नखानं थोडं खरडलं.

"रेडिएटरच आहे हा. लहान आहे बस. काय टाकलं होतं?"

"कूलरची हवा दिली," मी म्हणालो. "बोअरचं पाणी होतं."

सलीमभाई आधी माझ्याकडे आणि मग जुईकडे पाहत राहिला. "साहब, आपल्याकडचा डायवर उपाशी राहीन, पन रेडिएटरात बोअरचं पानी नाही टाकनार. खारं पानी जाळी खाऊन टाकते. बच्चे बच्चे को मालूम है. अन् तुमी त्याची डायरेक फवारनी केली?" त्यानं ठोकळा वर धरला. "कम्पुटर आहे का पऱ्हाटी आहे हे?"

शेडमधले दोघे-तिघे हसले. जुई सगळ्यांत जोरात हसली. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी कशी करायची हे ती चार वर्षं शिकली होती.

"वाया गेला का?" तिनं विचारलं.

"काहून वाया जाईन? गोड्या पान्यात भिजव. बरश मार हलक्या हातानं, पाती वाकू देऊ नको. अन् सुकव. सुकल्याशिवाय लावशीन तं मंग माह्याकडं नको येजो." ठोकळा परत देत तो म्हणाला, "सुकाले आपल्याकडं काय कमी आहे!"

गोडं पाणी म्हणजे प्यायचं, आर.ओ.चं. जुईनं दोन तास घासलं. मग ती गच्चीवर गेली. वहिनीच्या कुरडया तिथे साडीवर वाळत होत्या, पांढऱ्या, एकेक चक्र सुटं. त्यांच्या शेजारी जुईनं हीटसिंक ठेवला, काळा, पात्यांचा. गच्चीवर चप्पल घालूनही पाय टेकवत नव्हते. वर ऊन इतकं पांढरं होतं की आकाशाला रंगच नव्हता. अर्ध्या तासानं ठोकळा हातात धरवेना; पाण्याचा थेंब कुठेही उरला नव्हता. पुण्यात याला दिवस लागला असता, असं ती म्हणाली आणि खाली गेली.

प्रोसेसर आणि ठोकळा यांच्यामध्ये एक राखाडी लेप लावतात, दोघांमधली हवेची फट बुजवायला. जुना लेप वाळून खडूसारखा झाला होता. तो पुसून तिनं नवा लावला. "तुरीच्या दाण्याएवढा," ती मला दाखवत म्हणाली. "जास्त लावला की उलटा त्रास." बोर्डावरचं मीठ तिनं स्पिरिटमध्ये बुडवलेल्या मऊ ब्रशनं एका एका खाचेतून काढलं. त्या बाबतीत ती आईवर गेली आहे. वहिनी उत्तरपत्रिका अशाच तपासते. मग प्रोसेसरला मिळणारं व्होल्टेज एकेक पायरी उतरवलं, प्रत्येक पायरीला तासभर चालवून पाहिलं, बंद पडला की एक पायरी वर. त्यानं किती वीज ओढायची याला हद्द घातली. पडद्यावर सेकंदाला एकशे चव्वेचाळीस चित्रं उमटत होती, ती साठावर आणली.

"कमी झालं मग," मी म्हणालो.

"दिसाले कमी झालं. गाडी तेवढीच पळते. ते चौऱ्याऐंशी जास्तीचे शोभेचे होते, काका."

वहीतला तिसरा रकाना छप्पन्नावरून सत्तेचाळीस झाला. मग चव्वेचाळीस. तिथे थांबला. खोली बेचाळीस असेल तर शहाऐंशी, आणि मेच्या दुपारी तीन वाजता तिची खोली पंचेचाळीसवरही गेली असती. स्लॅबच्या खालची, पश्चिमेच्या भिंतीची खोली ती. दोन तास सलग चाललं की तो चव्वेचाळीसही वर सरकणार होता. धोका होताच. प्रोसेसरचं जेवढं होण्यासारखं होतं तेवढं झालं होतं. आता खोलीचं काही तरी करायचं होतं आणि खोलीत पाणी आणायचं नव्हतं.

घरातली सगळ्यांत गार खोली म्हणजे दादाचं ऑफिस. उत्तरेची, मागे कडुनिंब. सुट्टीत पक्षकार येत नाहीत. जुईनं मागितलं नाही. वहिनीनं मागितलं.

"तिथं माह्या फायली आहेत," दादा म्हणाला.

"फायली उठून चालल्या का कुठं?"

"अन् कोनी पक्षकार आला तं? वकिलाच्या हापिसात गाडी चालून राहिली म्हनीन."

"म्हना ना अपघाताची केस आहे," वहिनी म्हणाली. प्रश्न मिटला.

पोत्यांची कल्पनाही वहिनीचीच. अकोल्यात धान्याच्या बाजारामुळे रिकामं बारदान कुठेही मिळतं. जुन्या लोकांची रीत अशी की स्लॅबवर पोती अंथरायची आणि ती ओली ठेवायची. ऊन पाणी उडवत बसतं आणि खालची खोली विसरतं. गार वारा हवा, पण ओलावा आत नको, हे जुईचं गणित त्यात बरोबर बसत होतं. पाणी छपराच्या वर, कॉम्प्युटर छपराच्या खाली. आणि पाणी बोअरचंच चालणार होतं. ज्या खाऱ्या पाण्यानं मशीन बंद पाडलं होतं तेच आता डोक्यावर चढून राखण करणार होतं. कुरडयांची साडी गच्चीच्या दुसऱ्या टोकाला सरकली.

एक अडचण राहिली. बोअरची मोटर चालू झाली की व्होल्टेज झोपतं. म्हणून शर्यत चालू असताना मोटर लावायची नाही, असं ठरलं. सकाळीच गच्चीवर दोन ड्रम भरून ठेवले.

रविवार. त्या दिवशी शहराचा पारा पंचेचाळीसच्या वर गेला, हे मला संध्याकाळी कळलं. दुपारी मी ऑफिसातल्या पक्षकारांच्या बाकावर बसलो होतो, मांडीवर वही. दर पाच मिनिटांनी आकडा टिपायचा, एवढंच माझं काम. कॉम्प्युटरची कूस उघडी होती आणि समोर एक साधा टेबलफॅन, कोरडा. जुईच्या मागे जमिनीच्या कायद्यांची जाडजूड पुस्तकं, पुढे कुठल्या तरी परदेशी डोंगराळ रस्त्याची वळणं. खोली सदतीस.

तीन वाजून पाच. एकोणऐंशी. तीन वीस. ऐंशी. सव्वीस गाड्यांत ती अठरावी निघाली होती, पाऊण तासात अकरावी झाली. ती बोलत नव्हती. फक्त हातांचे, पेडलचे आवाज आणि वर स्लॅबवर अधूनमधून पाण्याची सळसळ. वहिनी तांब्यानं शिंपत होती. पावणेचार. ब्याऐंशी. चार. चौऱ्याऐंशी. खोली एकोणचाळीस झाली. चार दहा. शहाऐंशी.

वरचा आवाज थांबला. वहिनी खाली आली, चेहरा लालभडक. दारातूनच हळू आवाजात म्हणाली, "भाऊजी, ड्रम संपले. पोती कडकडून गेली. मोटर लावू का?"

जुईनं पडद्यावरून नजर न काढता मान हलवली. नाही.

चार वीस. अठ्ठ्याऐंशी. खोली चाळीस. वहीत हा आकडा लिहिताना पेन घसरत होतं, घामानं.

मग जिन्यावर पावलं वाजली. जड. चढली, थोड्या वेळानं उतरली, परत चढली. वर काही तरी ओतल्याचा मोठा आवाज झाला आणि स्लॅबमधून तो सगळ्या खोलीत पसरला. बाकावरून वाकून खिडकीतून पाहिलं. डोक्याला दुपट्टा बांधून, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडून दादा अंगणातल्या टाक्यातून बादल्या भरत होता. दोन हातांत दोन. त्याचं वय तेव्हा एकसष्ट होतं. मी उठलो तसा तो अंगणातूनच खेकसला, "तू बस तिथं. तुह्यी आकडे लिहाची नोकरी आहे ते कर. कूलर फिरवाले नाही बलावलं तुले."

सोळा बादल्या मी मोजल्या. मोजण्याची सवय.

आकडा खाली आला नाही. तसं लिहिलं तर ते खोटं होईल. स्लॅबला गार व्हायला वेळ लागतो. पण आकडा चढायचा थांबला. चार पस्तीस, एकोणनव्वद. चार पंचेचाळीस, एकोणनव्वद. जुई आठवी झाली. चार पंचावन्न, एकोणनव्वद. सातवी. पुढच्या गाडीच्या शेपटाला तिची गाडी चिकटली होती. शेवटच्या वळणावर तिनं आत घुसायचा प्रयत्न केला, चाक मातीत गेलं, सावरलं, पण पुढची गाडी निघून गेली.

पाच वाजून काही सेकंद. सातवी. पुढे सहाच जाणार होते.

टेबलफॅन फिरत होता. दादा दारात आला, पायापासून गुडघ्यापर्यंत भिजलेला, धापा टाकत. "काय झालं?"

जुईनं हात स्टिअरिंगवरून काढले. हाताचे ठसे ओले उमटले होते. तिनं आधी आकडा पाहिला. एकोणनव्वद.

"हारली मी," ती म्हणाली. "मशीन नाही हारली."

दादानं डोक्याचा दुपट्टा सोडला आणि म्हणाला, "शेवटी घाई केली तू. मले खिडकीतून दिसलं." आणि अंग पुसायला गेला.

आठवड्यानं आयोजकांच्या त्याच माणसाचा फोन आला. त्या फेरीत सहा जणांचे संपर्क तुटले होते आणि त्यात गार गावांचेही होते, हे त्यानंच सांगितलं. मग विचारलं, "तुम्ही कुठल्या कॅफेतून खेळलात शेवटी?"

"घरून."

"अकोल्याहून?"

"तेच सांगितलं होतं ना तुमाले."

जिंकली असती तर ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती, हे मान्य. पण जिंकण्याच्या गोष्टीत ऊन मागे पडतं आणि नाव पुढे येतं. इथे ऊन होतं तसंच राहिलं. ते कमी झालं नाही, त्यानं दया दाखवली नाही आणि कुणी ती मागितलीही नाही. चाळीस अंशांच्या खोलीत एक यंत्र दोन तास चालू राहिलं, कारण पाच माणसांना त्याच्याबद्दल काय करायचं ते माहीत होतं किंवा, माझ्या बाबतीत, काय करायचं नाही ते शिकवलं गेलं होतं.

मागच्या वर्षी ती स्पर्धा झाली नाही. यंदा आहे. फॉर्म भरून झाला. ठिकाणाच्या रकान्यात काय आहे ते मी विचारलं नाही. गेल्या रविवारी गेलो तर दादाच्या ऑफिसात कायद्याच्या पुस्तकांची फळी एका बाजूला सरकवलेली दिसली आणि खिडकीशी स्टिअरिंग. गच्चीवर पोती होती, मागच्यापेक्षा दुप्पट. ड्रम तीन होते. तिसरा दादानं आणला. जिन्याच्या पायथ्याशी कूलर उभा होता आणि त्याच्या पाठीवर खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: काकांनी हात लावू नये.

आज संध्याकाळी अकोल्याचा आकडा आला. चव्वेचाळीसच्या वर. तो उद्या पहिल्या पानावर जाईल, सोबत तोंडाला दुपट्टा बांधलेल्या मुलींचं छायाचित्र असेल आणि गाव होरपळलं असेल. तो खरा आहे, छापावाच लागतो. त्याच दुपारी जुईनं तीन ते पाच सराव केला आणि आपला आकडा मला पाठवला. खोली अडतीस, प्रोसेसर एकोणऐंशी. वजाबाकी एक्केचाळीस. हा आकडा कुठल्याही पानावर जाणार नाही, म्हणून इथे नोंदवला.